आमची वाटचाल : गटाराकडे जाणारे गरम पाणी

हिंगणा एमआयडीसीतील भाड्याच्या एका शेडमध्ये आम्ही काम सुरू केले, तेव्हा आमच्याकडे वेल्डिंगचे एक मशीन, पाणी तपासण्यासाठी लागणारी थोडी काचेची उपकरणे आणि चार माणसे होती. त्याआधी मी एका कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर पाळीत काम केले होते आणि तेवढ्या अनुभवाच्या बळावर कारखान्यांना ईटीपी, म्हणजे अशीच सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, बांधून द्यायची असे ठरवले होते. पहिली काही वर्षे आम्ही तेच करीत राहिलो : कारखान्याने सांगितलेला पाण्याचा आकडा घ्यायचा, त्याप्रमाणे टाक्यांची मापे काढायची, चुना आणि तुरटीचे डोस ठरवायचे, एअरेशन, म्हणजे जिवाणूंसाठी पाण्यात हवा सोडणे, चालू करून द्यायचे आणि बिल मागायचे. ते पाणी कुठून येते हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही.

तो प्रश्न आम्हाला एका उन्हाळ्याने विचारायला लावला. बुटीबोरीकडच्या खाद्यतेलाच्या एका कारखान्यात आम्ही बांधलेली एअरेशन टाकी मे महिन्यात नीट काम करेनाशी झाली. पाण्याला वास येऊ लागला, गाळ खाली बसेना आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातल्या घाणीचे माप, लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेत येईना. घाण खाणारे जिवाणू मेले असावेत असे समजून आम्ही शेण कालवून टाकले, दुसऱ्या केंद्रातून टँकरने गाळ आणून ओतला, हवेचे डिफ्यूझर बदलले. आठवडाभर बरे वाटायचे आणि पुन्हा तेच व्हायचे. शेवटी आमच्या एका सहकाऱ्याने समीकरण टाकीत, म्हणजे सगळे सांडपाणी आधी जिथे एकत्र होते तिथे, तापमापक सोडला, तर पारा ४६ अंशांवर होता. सांडपाण्यातले नेहमीचे जिवाणू ४० अंशांच्या पुढे तग धरत नाहीत, आणि पाणी तापले की त्यात प्राणवायूही कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना सुमारे ७. नागपूरच्या मे महिन्याला आम्ही दोष देत होतो, पण उन्हाने एवढे पाणी तापत नाही.

आम्ही गटाराच्या कडेने उलटे चालत गेलो. तेलाच्या टाक्या गरम ठेवणाऱ्या कॉइलमधून थंड होऊन बाहेर पडलेले वाफेचे पाणी, म्हणजे कंडेन्सेट, स्टीम ट्रॅपमधून, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून, थेट गटारात पडत होते. तिथल्या बॉयलर अटेंडंटने सरळ मनाने सांगितले, "साहेब, त्यात घाण नाही, साधं पाणी आहे, म्हणून सोडून देतो." त्याचे म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच ते पाणी ईटीपीत यायला नको होते. स्वच्छ पाणी मिसळल्याने तपासणीचा आकडा खाली येतो, पण घाणीचे एकूण वजन तेवढेच राहते. टाकी मात्र मोठी बांधावी लागते. आम्ही ती मोठी बांधून दिली होती, याची मला आजही खंत वाटते.

त्या रात्री मी हिशेब मांडला. ताशी २ हजार लिटर पाणी ९० अंशांना परत मिळाले आणि त्याच्या जागी ३० अंशांचे पाणी तापवावे लागले नाही, तर ताशी १ लाख २० हजार किलोकॅलरी वाचतात. किलोमागे ४ हजार किलोकॅलरीचा कोळसा आणि ७५ टक्के कार्यक्षमतेचा बॉयलर धरला, तर ताशी ४० किलो कोळसा, म्हणजे दिवसाला जवळजवळ १ टन. शिवाय या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने बॉयलरचा ब्लोडाउन, म्हणजे क्षार साचू नयेत म्हणून बाहेर सोडावे लागणारे पाणी, हेही कमी होते. आपल्या भागात कोळशाच्या खाणी जवळ असल्याने उष्णतेची किंमत फारशी कुणी मोजत नाही, उन्हाळ्यात पाण्याची मात्र सगळे मोजतात. म्हणून मालकांना मी आधी पाण्याचा आणि मग कोळशाचा हिशेब दाखवला.

कंडेन्सेट परत आणणे मात्र वाटले तितके सोपे निघाले नाही. आम्ही जमिनीवरच्या टाकीला साधा सेंट्रिफ्यूगल पंप जोडला, आणि तो खडे भरल्यासारखा वाजू लागला, कारण इतके गरम पाणी पंपाच्या तोंडाशी दाब कमी होताच उकळते. टाकी पंपाच्या बरीच वर उचलून बसवली तेव्हा आवाज थांबला. जिथे तेवढी उंची मिळत नाही, तिथे आता आम्ही वाफेच्या दाबावर चालणारे पंप लावतो.

त्याहून मोठा धडा पुढे होता. एका सकाळी त्याच कारखान्याच्या बॉयलरमध्ये फेस आला आणि वाफेबरोबर पाणी लाइनमध्ये जाऊ लागले. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड टाकीवर तेलाचा तवंग होता. एका कॉइलला टाचणीएवढे छिद्र पडले होते. वाफ चालू असताना तिच्या दाबामुळे तेल आत येत नसे, पण रात्री वाफ बंद केली की आतल्या वाफेचे पाणी होऊन पोकळी तयार होई आणि टाकीतले तेल त्या छिद्रातून ओढले जाई. आम्ही पाण्याची वीज वाहण्याची क्षमता मोजणारा कंडक्टिव्हिटी मीटर लावला होता, पण तेल वीज वाहत नाही, त्यामुळे मीटरला काहीच दिसले नव्हते. तेव्हापासून तेलाच्या कारखान्यात आम्ही गढूळपणा मोजणारा मीटर लावतो आणि त्याच्या इशाऱ्यावर पाणी आपोआप वेगळ्या टाकीकडे वळवणारा व्हॉल्व्ह बसवतो. वाफ सुरू केल्यानंतरचे पहिले पाणीही आम्ही परत घेत नाही.

अलीकडे औषधांच्या कारखान्यांतून सांडपाणी उकळून आटवणाऱ्या बाष्पीभवन संयंत्रांचे, म्हणजे एमईईचे काम अधिक येते. तिथून निघणारे कंडेन्सेट ग्लासात धरले तर नितळ दिसते, आणि ते बॉयलरला द्यावे असा आग्रह प्रत्येक ठिकाणी होतो. आम्ही तो मान्य करत नाही. सांडपाण्यातला अमोनिया, सेंद्रिय आम्ले आणि हलके द्रावक वाफेबरोबर उडून त्या पाण्यात उतरतात. अमोनिया तर तांब्याच्या आणि पितळी भागांना खातो. अशा पाण्यावर पुन्हा जैविक प्रक्रिया, नंतर आरओ, आणि मग कूलिंग टॉवरमध्ये वापर, एवढीच वाट आम्ही सुचवतो. या नकारामुळे काही कामे हातची गेली आहेत.

आज आम्ही अठरा जण आहोत. कोणत्याही कारखान्याला दर देण्याआधी आमची दोन माणसे तापमापक, पीएच मीटर आणि बादली घेऊन तिन्ही पाळ्यांत प्रत्येक नळीचे तोंड मोजतात. त्या मोजणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो. खाद्यतेलाच्या त्या कारखान्यात समीकरण टाकीचे तापमान अजूनही दर पाळीला वहीत लिहिले जाते. यंदाच्या मे महिन्यात तिथला सर्वांत वरचा आकडा ३६ होता.