दहा गोळ्या आणि पन्नास इंच

26 जानेवारीला नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात, यंदा भाच्याला घेऊन गेलो होतो. तटावर उभा राहून खालची गर्दी बघत पोरगं म्हणालं, "मामा, इथून स्नायपरनं झिरो माइलपर्यंत मारता येईल का?" दिवसभर मोबाईलवर गेम खेळतो, त्याच्या डोक्यात स्नायपर म्हणजे लपून बसायचं आणि जास्तीत जास्त माणसं मारायची. मी कॉलेजात एनसीसीत होतो, पॉइंट टू टू रायफल चालवलीय, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल, म्हणजे तिथल्या उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांच्या लढाईबद्दल, गेली कित्येक वर्षं मिळेल ते वाचतोय, त्यामुळे तिथेच सुरू झालो.

1861 मध्ये न्यूयॉर्कच्या हायरम बर्डन नावाच्या इंजिनिअरनं उत्तरेकडच्या सैन्यासाठी नेमबाजांच्या दोन रेजिमेंट उभ्या केल्या. भरतीची परीक्षा अशी की 200 यार्डावरून दहा गोळ्या मारायच्या, प्रत्येक गोळी केंद्रापासून किती दूर लागली ते मोजायचं आणि सगळ्यांची बेरीज 50 इंचाच्या आत पाहिजे. म्हणजे सरासरी पाच इंच. एनसीसीत आमचे उस्ताद पण हेच सांगायचे, एक गोळी मधोमध लागली म्हणून उड्या मारू नका, ग्रुपिंग दाखवा, म्हणजे सगळ्या गोळ्या जवळजवळ लागायला पाहिजेत. एक नेम नशिबानं लागतो हो, दहा नाही लागत.

पोशाख हिरवा, बटणंसुद्धा काळ्या रबराची, उन्हात चमकू नयेत म्हणून. हातात शार्प्स रायफल, ती मागून भरायची, त्यामुळे झोपल्या झोपल्या भरता येई. बाकीचे बिचारे नळीच्या तोंडाकडून बार ठासायला उभे राहणार आणि तेवढ्यात गोळी खाणार.

पण यांचं खरं काम लोकांना माहितच नसतं. सगळे सेजविकची गोष्ट सांगतात, 9 मे 1864, स्पॉटसिल्व्हेनिया, हा उत्तरेचा जनरल खाली वाकणाऱ्या शिपायांना म्हणाला की एवढ्या लांबून शत्रूच्या नेमबाजांना हत्तीसुद्धा मारता येणार नाही, आणि थोड्याच वेळात डोळ्याखाली गोळी लागून गेला. दक्षिणेकडच्यांकडे इंग्लंडहून आणलेल्या व्हिटवर्थ रायफली होत्या, नळी आतून षटकोनी, लांबवर भयंकर अचूक. गोष्ट खरी आहे, पण रोजचं काम वेगळंच. मुख्य फौजेच्या पुढे विरळ रांगेत पसरायचं, शत्रू कुठे आहे ते हुडकायचं आणि तो आला की त्याला अडवून वेळ काढायचा. 2 जुलै 1863 ला गेटिसबर्गच्या पिट्झर्स वुड्समध्ये बर्डनचे साधारण 100 नेमबाज आणि मेन राज्याचे 200 शिपाई दक्षिणेच्या बाजूनं लढणाऱ्या अलाबामाच्या अख्ख्या ब्रिगेडवर जाऊन आदळले, वीसेक मिनिटं झुंजले आणि मग मागे हटले. त्याच दिवशी दुपारी बर्डनच्या दुसऱ्या रेजिमेंटनं स्लायडरच्या शेतावर असंच केलं, झाडाआडून, कुंपणाआडून मारत मारत मागे सरकायचं. मला यात सगळ्यात मोठी हिंमत दिसते, कारण आपल्याला इथून हटायचंच आहे हे माहीत असून शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचं.

आणि उत्तरेच्याच बाजूच्या मिशिगन राज्याच्या नेमबाजांची 'के' नावाची कंपनी. ओडावा, ओजिब्वे, पोटावाटोमी अशा आदिवासी जमातींची पोरं. 1861 ला हे लोक भरतीला आले तेव्हा मिशिगननं त्यांना परत पाठवलं होतं, 1863 मध्ये माणसं कमी पडायला लागल्यावर घेतलं. 30 जुलै 1864 ला पीटर्सबर्गच्या लढाईत सुरुंग लावून केलेल्या एका प्रचंड खड्ड्यात हे अडकले. तिथल्या एका ऑफिसरनं लिहून ठेवलंय की चार जण मरणाच्या दारात होते, त्यांनी अंगातले कोट तोंडावर ओढून घेतले, आपलं मृत्युगीत म्हटलं आणि तसेच गेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्री झोप लागली नव्हती.

किल्ल्यावरून उतरताना भाचा बराच वेळ गप्प होता, मग विचारलं, "मामा, त्यांना मेडल मिळालं का?" त्या कंपनीतल्या अँटॉइन स्कॉटचं नाव मेडल ऑफ ऑनरसाठी, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च लष्करी शौर्यपदकासाठी, पाठवलं होतं. जिवंत असेपर्यंत नाही मिळालं, असं मी त्याला सांगितलं.