एक टक्क्यात किती राखण होते?

शाळेला वर्षातून निदान एकदा भेट द्यायची. शाळेसाठी एक संपर्काचा माणूस ठरवून ठेवायचा. तिचे सगळे अहवाल वेळेवर जाताहेत ना, ते बघायचं. तिच्या पैशांवर लक्ष ठेवायचं. आणि मुदत वाढवली, नाकारली, सनद रद्द केली किंवा शाळा बंद होणार असली, तर राज्याला कळवायचं. झालं! कॅलिफोर्नियातल्या स्कूल डिस्ट्रिक्टने चार्टर शाळांवर, म्हणजे ठरावीक मुदतीची सनद घेऊन संस्थांनी सरकारी पैशावर चालवलेल्या शाळांवर, देखरेख करायची म्हणजे काय करायचं, याची कायद्यातली यादी इथे संपते. शिक्षण संहिता, कलम ४७६०४.३२. आपल्याकडच्या एखाद्या शासन निर्णयाची नुसती प्रस्तावना याहून लांब असते.

ही यादी पहिल्यांदा वाचली की दोनच प्रतिक्रिया होतात. एक, ‘वा, किती सुटसुटीत!’ आणि दुसरी, ‘एवढ्याने कसं भागतं?’ खरं सांगायचं तर अनेकदा भागत नाही. का भागत नाही, त्यावर हा लेख.

‘चार्टर म्हणजे खाजगी शाळा का?’ हा तिकडच्या नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न आधी निकालात काढू. चार्टर शाळा खाजगी नसते. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, धर्मशिक्षण नाही, आणि अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर उघड सोडत काढावी लागते. जवळची उपमा आपल्या अनुदानित शाळेची: पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा. पण आपल्याकडे संचमान्यता होते, पदं मंजूर होतात, पगार शासनाकडून येतो. इथे मूल जितके दिवस हजर, त्या सरासरीवर रक्कम मिळते आणि त्यात सगळं भागवायचं. आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे, आपल्या हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था. एकट्या सँटा क्लॅरा काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) ३१ स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. राज्यात काही डिस्ट्रिक्टांत हजारो मुलं, काहींत शे-दीडशे. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्यातच सगळी गोम आहे.

कायदा १९९२चा, मिनेसोटानंतर अमेरिकेतला दुसरा. आज राज्यात सुमारे १,३०० चार्टर शाळा आहेत. बहुतेकांना सनद देणारं आणि नंतर त्यांची राखण करणारं स्थानिक डिस्ट्रिक्टच असतं. आता गंमत बघा. चार्टरमध्ये गेलेलं प्रत्येक मूल स्वतःबरोबर निधीही घेऊन जातं, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या शाळेतून तेवढे पैसे कमी होतात. सवतीचं पोर सांभाळायला द्यावं आणि वर ‘नीट जेवतंय ना, ते लिहून कळव’ म्हणावं, असा हा प्रकार. तरीही बरीच डिस्ट्रिक्टं हे काम चोख करतात, हे मान्य करायला हवं.

सांभाळण्याचा मोबदला म्हणजे देखरेख शुल्क. कलम ४७६१३ प्रमाणे डिस्ट्रिक्टला देखरेखीचा प्रत्यक्ष खर्च घेता येतो, पण तो शाळेच्या मुख्य निधीच्या एक टक्क्यापेक्षा जास्त नको. इमारत जवळपास बिनभाड्याने दिली असेल तर मर्यादा तीन टक्के.

हिशेब मांडू. चारशे मुलांची शाळा, सोयीसाठी दर मुलामागे १२,००० डॉलर धरा. एकूण ४८ लाख, त्याचा एक टक्का ४८,००० डॉलर. इथल्या पगारात आणि भत्त्यांत एवढ्यात धड अर्धा माणूसही येत नाही. त्या अर्ध्या माणसाने वर्षभरात अंदाजपत्रक वाचायचं, शिक्षकांचे परवाने तपासायचे, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या सेवा पाहायच्या, पालकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि भेटीचा अहवाल लिहायचा. लॉस एंजेलिससारख्या अवाढव्य डिस्ट्रिक्टला जमतं, कारण तिथे शेकडो चार्टर आहेत आणि सगळ्यांचे टक्के एकत्र करून वेगळा चार्टर विभागच उभा राहतो. दोन-तीन चार्टर असलेल्या मध्यम डिस्ट्रिक्टमध्ये हे काम कुणाच्या तरी दुसऱ्या कामाच्या शेपटीला बांधलेलं असतं.

आता उलटं टोक. दीडशे मुलांचं खेडेगावातलं डिस्ट्रिक्ट. त्याच्याकडे चार हजार मुलांची, वर्ग नसलेली, घरून अभ्यासाची चार्टर सनद मागायला येते. त्याच दराने एक टक्का म्हणजे वर्षाला ४,८०,००० डॉलर. मुलं त्या गावची नाहीतच, म्हणून डिस्ट्रिक्टचा पट घटत नाही, म्हणजे तोटा शून्य. सवतीचं पोर इथे जावई होऊन येतं. आणि जावयाला जाब कोण विचारणार?

हे कल्पनेतलं नाही. २०१७ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी हद्दीबाहेर चार्टर मंजूर करणाऱ्या छोट्या डिस्ट्रिक्टांवर कडक अहवाल दिला. २०१९ मध्ये सॅन डिएगोच्या सरकारी वकिलांनी ‘ए-थ्री’ नावाच्या साखळीच्या प्रकरणात ११ जणांवर आरोप ठेवले. १९ शाळा, आणि राज्याचे सुमारे ४० कोटी डॉलर. युक्ती आपल्या माणसाला लगेच कळेल अशी: उन्हाळ्यातल्या खेळांच्या शिबिरांमधल्या मुलांची नावं शाळेच्या पटावर चढवायची, शिबिर चालवणाऱ्याला डोईमागे काही द्यायचं, आणि हजेरीचे पैसे उचलायचे. घरून अभ्यासात हजेरी म्हणजे मूल वर्गात दिसणं नव्हे. लेखी करार, गृहपाठाचे नमुने आणि शिक्षकाने ठरवलेलं त्या कामाचं ‘दिवसातलं मोल’ यावरून ती ठरते. सगळा कागदाचा मामला, आणि कागद तपासणारं कार्यालय त्याच पैशातल्या टक्क्यावर चालणारं.

इथे आपल्याकडचं कुणी तरी ‘बघा, तिकडेही बोगस पट!’ म्हणून खूश होणार. व्हा. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात तीन दिवस पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावली गेली, आणि पटावरची लाखो मुलं जागेवर सापडली नाहीत. पण एक फरक आपल्या बाजूने मोजावा असं वाटतं: आपण निदान सगळ्या शाळांत एकाच वेळी शिरून डोकी मोजली. इथे असं कधी झाल्याचं ऐकिवात नाही. इथे मोजणी म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारची पटसंख्या, जी शाळा स्वतःच संगणकावर भरते.

दुरुस्ती मात्र पटकन झाली, हेही सांगायला हवं. २०१९च्या ए-बी १५०७ या कायद्याने वर्गातल्या शिक्षणाच्या चार्टरला हद्दीबाहेर शाळा थाटण्याची वाट बंद केली. ए-बी १५०५ ने वर्ग नसलेल्या नव्या चार्टर १ जानेवारी २०२० पासून थांबवल्या, आणि ही बंदी पुढे वाढवत नेली. वर्ग नसलेल्या शाळेला पूर्ण निधी हवा तर किमान ४० टक्के सरकारी पैसा परवानाधारक शिक्षकांच्या पगार-भत्त्यांवर, ८० टक्के खर्च शिकवण्याशी संबंधित, आणि एका शिक्षकामागे २५ पेक्षा जास्त मुलं नकोत, हा नियम मात्र आधीपासूनचा. नियम होताच, वाचणारा नव्हता.

देखरेख करणाऱ्याच्या टेबलावर काय येतं? तारखा पाठ असलेल्या बऱ्या. १ जुलैला अंदाजपत्रक. १५ सप्टेंबरला सरलेल्या वर्षाचा तपासणीपूर्व हिशेब. १५ डिसेंबरला पहिला अंतरिम अहवाल, ३१ ऑक्टोबरपर्यंतचा, आणि त्याच दिवशी गेल्या वर्षाचं स्वतंत्र लेखापरीक्षण. १५ मार्चला दुसरा अंतरिम, ३१ जानेवारीपर्यंतचा. बारकाईने बघा: प्रत्येक अंतरिम आकडा हाती येईपर्यंत दीड महिना शिळा झालेला असतो. ऑगस्टमध्ये पाचशे मुलं धरून शिक्षक नेमले आणि चारशे चाळीसच आली, तर तो खड्डा कागदावर डिसेंबरात दिसतो. तोवर चार महिन्यांचे पगार गेलेले असतात. डिस्ट्रिक्टचा स्वतःचा पट घटला तर त्याला मागच्या वर्षांच्या हजेरीचा आधार मिळतो. चार्टरला तो नाही, याच वर्षाच्या हजेरीवर भागवायचं. म्हणून जाणकार तपासनीस नफा-तोटा नंतर बघतो. आधी दोन गोष्टी मागतो: शाळा सुरू झाल्यावर पहिल्या वीस दिवसांची पटसंख्या आणि महिन्यागणिक रोख शिलकेचा तक्ता. शिल्लक किती टक्के ठेवायची हे बहुधा डिस्ट्रिक्ट आणि शाळेच्या करारनाम्यात लिहिलेलं असतं. शिल्लक कागदावर दिसते आणि बँकेत नसते, कारण ती राज्याकडून यायची बाकी असते. पगाराला उचल घेतलेली शाळा याच फरकात बुडते.

मग ती वार्षिक भेट. लॉस एंजेलिसमध्ये चार विभाग तपासतात: कारभार, मुलांची प्रगती, व्यवस्थापन आणि पैसा. प्रत्येकाला चारपैकी गुण. भेटीची तारीख बहुधा आधी कळलेली असते, त्यामुळे ‘साहेब येणार’ म्हणून फळा सजवणारी शाळा आणि इथली शाळा यांत फरक फक्त रांगोळीचा. पण वर्गात डोकावणं हा भेटीचा लहान भाग. खरी तपासणी दप्तराची. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या बोटांच्या ठशांवरून न्याय विभागाने दिलेला निर्वाळा रुजू होण्याच्या तारखेआधीचा आहे का? क्षयरोगाची तपासणी झाली का? मुलांवरच्या अत्याचाराची खबर देण्याचं प्रशिक्षण यंदाचं आहे का, गेल्या वर्षीचं? शिक्षकाचा परवाना तो शिकवतो त्याच विषयाचा आहे का? घड्याळी मिनिटं: बालवाडीला वर्षाला ३६,०००, पहिली ते तिसरी ५०,४००, चौथी ते आठवी ५४,०००, नववी ते बारावी ६४,८००. दिवस किमान १७५. घोळ होतो तो अर्ध्या दिवसांच्या बेरजेत: पालकसभांसाठी लवकर सोडलेले दिवस कुणी वजा करायला विसरतं, आणि मिनिटं कमी भरली की ती बाब लेखापरीक्षणात येते आणि निधीला कात्री लागते.

या दप्तरतपासणीचं मला मनापासून कौतुक वाटतं, आणि थोडा रागही येतो. कौतुक यासाठी की सगळं उघड असतं. शाळेच्या नियामक मंडळाला बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, हितसंबंधांचे नियम लागू होतात, आणि माहिती मागितली की द्यावी लागते. २०१९च्या एस-बी १२६ ने याबाबतची पळवाट बुजवली. माहितीचा अधिकार आपल्याकडेही आहे, आणि तो वापरणारे कार्यकर्ते इथल्या पालकांपेक्षा चिवट आहेत, पण तिथे अर्ज करावा लागतो. इथे बरंच काही आधीच चिकटवलेलं असतं. राग यासाठी की ‘मूल शिकलं का’ हा प्रश्न तपासणीच्या यादीतल्या ढीगभर चौकटींत कुठेतरी मध्येच येतो.

चौकटी भरण्याची एवढी हौस का, त्याचंही उत्तर कायद्यातच आहे. कलम ४७६०४ सांगतं की ना-नफा संस्थेने चालवलेल्या चार्टरच्या कर्जाला किंवा चुकांना डिस्ट्रिक्ट जबाबदार नाही, मात्र देखरेखीची सगळी कामं त्याने केलेली असतील तरच. म्हणजे फाइल शाळेपेक्षा डिस्ट्रिक्टच्या वकिलांसाठी जास्त लागते. त्याच कलमात डिस्ट्रिक्टला संस्थेच्या मंडळावर स्वतःचा एक प्रतिनिधी बसवण्याचा हक्कही आहे. तो वापरणं न वापरणं डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर.

शाळा चुकली तर कुलूप लगेच लागत नाही. आधी उल्लंघनाची नोटीस आणि सुधारायला वाजवी मुदत. मग रद्द करण्याच्या इराद्याची नोटीस, ३० दिवसांच्या आत जाहीर सुनावणी आणि शेवटी निर्णय. मुलांच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला तातडीचा धोका असेल तरच हा क्रम ओलांडता येतो. प्रत्यक्षात रद्द होण्यापेक्षा मुदत न वाढून किंवा स्वतःहूनच जास्त शाळा मिटतात. मुदतवाढीला तीन थर आहेत: शाळांची कामगिरी रंगांत दाखवणाऱ्या राज्याच्या निर्देशांकांत वरच्या थरातल्या शाळेला पाच ते सात वर्षं, मधल्या थराला पाच, आणि खालच्या थराला नकार गृहीत, सबळ पुरावा दिला तर दोन वर्षं. डिस्ट्रिक्टने नाही म्हटलं तर काउंटी बोर्डाकडे अपील, आणि त्यानंतर राज्य मंडळ, पण तिथे फक्त अधिकाराचा गैरवापर झाला का एवढंच पाहतात.

फ्रीमाँट, सॅन होजे भागात नव्याने आलेली मराठी घरं शाळेचे गुण आणि घराचं भाडं बघून ठरवतात. त्यात चूक काही नाही, आपण पुण्यातही हेच केलं असतं. चार्टर निवडताना मात्र डिस्ट्रिक्ट बोर्डाच्या विषयपत्रिकेत शाळेचं नाव शोधा, मुदत कोणत्या साली संपते ते बघा, आणि १५ डिसेंबरच्या लेखापरीक्षणात सगळ्यात शेवटची पानं उघडा, निष्कर्षांची. तोच निष्कर्ष लागोपाठ दोन वर्षं असेल तर कार्यालयात जाऊन विचारा. सनदेत शाळा बंद करण्याची पद्धत लिहिणं सक्तीचं आहे. त्या प्रकरणात मुलांचे दाखले आणि गुणपत्रकं कुणाच्या ताब्यात जाणार त्याचं नाव असतं. ते नाव टिपून ठेवा. बंद झालेल्या शाळेचा फोन कुणी उचलत नाही.