काढून पाहणे

सुटे भाग आणून घरी जोडलेला संगणक बटण दाबूनही सुरू झाला नाही, की दोष कोणाच्या माथी मारायचा हा पहिला प्रश्न उभा राहतो. तयार संगणक घेतला तर निदान एका कंपनीच्या नावाने बोटे मोडता येतात. येथे वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, एकाचा, मदरबोर्ड दुसऱ्याचा, रॅम तिसऱ्याची आणि जोडणारा आपल्याच घरातला. या परक्या वस्तू मुळात एकमेकींत बसतात, ती इंटेलने १९९५ साली आखून दिलेल्या एटीएक्स या मापाची कृपा. बसल्या म्हणजे चालल्याच पाहिजेत, अशी हमी मात्र त्यात नाही.

शहरात अशा वेळी भाग बदलून पाहतात. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात बदलायला दुसरा भाग नसतो, आणि पुतण्याने हे सारे जेथून आणले त्या नागपूरच्या बर्डीवर जाऊन यायचे तर एसटीने अख्खा दिवस मोडतो. म्हणून येथे काढून पाहतात. माझ्या मते हीच रीत अधिक शहाणपणाची आहे, कारण बदलून पाहणाऱ्याचा संगणक चालू होतो खरा, पण तो बंद का होता हे त्याला पुष्कळदा कळतच नाही.

सुरुवात अर्थातच भिंतीपासून करावी. मे महिन्यात सगळ्या आळीचे कूलर एकाच डीपीवर ओढत असतात, आणि कागदोपत्री २३० व्होल्टची लाईन दुपारी किती उतरली आहे, हे छताच्या पंख्याकडे पाहूनच समजते. जमीन कोरडी पडली की अर्थिंगही दुबळे होते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बोटांना मुंग्या येतात त्या त्यामुळेच, आणि मग मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावे लागते. संगणक सुरू न होण्याशी या मुंग्यांचा सहसा संबंध नसतो, तरी उघड्या यंत्रात हात घालण्यापूर्वी पाणी ओतलेले बरे, आणि हात घालताना वायर भिंतीतून उपसलेली असणे त्याहून बरे.

आमच्या यंत्राचे लक्षण असे होते, की बटण दाबताच प्रोसेसरवरचा पंखा अर्धा गरका घेई आणि थांबे. "काका, बोर्डच गेला वाटते," असा निकाल पुतण्याने देऊन टाकला होता. मला ते लक्षण आशेचे वाटले. एसएमपीएस पुरता मेलेला असता तर पंखा हललाच नसता. येथे तो वीज देऊ पाहत होता आणि कोठेतरी शॉर्ट दिसताच स्वतःला आवरून घेत होता. खात्रीसाठी चोवीस पिनांचा कनेक्टर बोर्डावरून उपसून त्यातली हिरवी आणि काळी तार वाकवलेल्या टाचणीने जोडली, तर एसएमपीएसचा पंखा निमूटपणे फिरत राहिला. या चाचणीने तो जिवंत आहे इतकेच कळते; म्हणून वायरमनचा मीटर मागून आणला. बारा व्होल्टच्या तारेवर पाच टक्के इकडेतिकडे, म्हणजे ११.४ ते १२.६ पर्यंत चालते, आणि काटा त्या हद्दीत होता.

मग हार्डडिस्क काढली, ग्राफिक्स कार्ड काढले, रॅमची एकच पट्टी ठेवली, पुढच्या यूएसबीच्या तारा सोडवल्या. अर्धा गरका कायम. शेवटी काढण्यासारखे कॅबिनेटच उरले, तेव्हा बोर्ड बाहेर घेऊन त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला आणि बटणाच्या तारा जेथे बसतात त्या दोन पिना पेचकसाच्या टोकाने क्षणभर जोडल्या. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पडदा मात्र बराच वेळ काळा होता. डीडीआर फाइव्ह रॅम पहिल्या खेपेला आपले ताळमेळ जमवण्यात काही मिनिटे घालवते, आणि नेमक्या त्याच वेळी माणसे घाबरून बटण बंद करतात.

दोषी आता उघड होता. कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड टेकण्यासाठी षटकोनी पितळी खुंट्या असतात. पूर्ण मापाच्या बोर्डासाठी त्या कारखान्यातूनच बसवून आल्या होत्या. आमचा बोर्ड लहान मापाचा, त्यामुळे एका खुंटीच्या वर भोकच नव्हते, आणि तिचे टोक थेट बोर्डाच्या पाठीवरच्या डाखांना भिडत होते. डाखाच्या एका टोकावर चकाकता ओरखडाही दिसला. पकडीने ती खुंटी काढली आणि बोर्ड परत जागी बसवला.

सपरीत बसून हे सारे पाहणाऱ्या शेजारच्या आबाजींनी पडदा उजळल्यावर विचारले, "मंग, आता यात सातबारा निंघते का?" निघतो, असे सांगताच त्यांनी यंत्राला मागून-पुढून न्याहाळले आणि पुढचा प्रश्न टाकला, "पन कागद कोठून निंघन?"

प्रिंटर अजून आणायचा आहे.