पाण्याची कमान आणि पन्नास खुर्च्या

नवी विमानसेवा सुरू झाली त्या सकाळी आमच्या छोट्या अमेरिकन गावाच्या विमानतळावर अग्निशमनच्या दोन गाड्यांनी विमानावर पाण्याची कमान धरली. महापौरांनी फीत कापली, मग केक. मी चेंबर ऑफ कॉमर्सच्या समितीत हिशेब बघते, त्यामुळे केक खातानाही माझं मन खुर्च्या मोजत होतं. विमान ५० आसनी, दिवसाला दोन उड्डाणं. म्हणजे रोज १०० खुर्च्या. ८० टक्के भरायच्या म्हटलं तरी ८० माणसं. फेब्रुवारीतल्या बर्फाळ मंगळवारीसुद्धा!

इथे १९७८ साली विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, आणि कुठल्या गावाला जायचं, कुठलं सोडायचं हे कंपन्या ठरवू लागल्या. अगदी लहान काही गावांसाठी सरकार थेट अनुदान देतं. आमच्यासारख्या अधल्यामधल्या गावांसाठी २००० सालच्या कायद्याने वेगळी योजना आणली: वाहतूक खात्याकडे अर्ज करायचा, गावाने आपला वाटा दाखवायचा. वर्षाला जास्तीत जास्त ४० गावं, त्यातही एका राज्यातली ४. आम्हाला त्यातून अनुदान मिळालं तेव्हा समितीत पेढे वाटायचंच काय ते बाकी होतं.

पैसा दोन खात्यांत विभागला. एक 'हमी': कंपनीची कमाई ठरल्यापेक्षा कमी पडली तर फरक आपण भरायचा. दुसरं 'प्रसिद्धी'. विमानतळाला स्वतःच्या उत्पन्नातून कंपनीला रोख देता येत नाही, तशी केंद्राची मनाईच आहे. पण नव्या सेवेसाठी ठरावीक काळ शुल्क माफ करता येतं, जाहिरातीला हातभार लावता येतो. म्हणून हमीचा भार शहर, व्यापारी आणि अनुदान यांच्यावर. कॅन्ससमधल्या विचिटा शहराने २००२ मध्ये एअरट्रॅन या स्वस्त विमान कंपनीला आणण्यासाठी अशीच हमी दिली होती, पुढे राज्यानेही पैसे घातले. तिथे त्यावर बरीच भांडणं झाली, पण तिकिटं उतरली हे खरं.

मला जे बैठकीत कुणालाच पटवता आलं नाही ते इतकंच, की ही दोन खाती एकाच खिशात आहेत. रिकामी राहिलेली प्रत्येक खुर्ची हमीतून कापली जाते. प्रसिद्धी म्हणजे त्या खिशाला घातलेला टाका. पण बाकीच्यांना ती सजावट वाटत होती. निम्म्याहून जास्त रक्कम पहिल्या सहा आठवड्यांत संपली: समारंभ, रेडिओ, टोप्या, आणि एक भलामोठा फलक. तो फलक लावला कुठे? विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. म्हणजे जो आधीच विमान पकडायला निघालाय, त्याला सांगायचं की बाबा रे, इथून विमान सुटतं.

आमची खरी स्पर्धा अडीच तासांवरच्या मोठ्या विमानतळाशी. आमच्या राज्यात गाड्यांच्या पाट्यांवर काउंटीचं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचं, नाव असतं. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मी तिथे आई-बाबांना आणायला गेले होते. विमान उशिरा होतं, म्हणून दीर्घ मुक्कामाच्या पार्किंगमध्ये फिरत पाट्या वाचत बसले. एका रांगेत आमच्या काउंटीच्या अकरा गाड्या. त्यातली एक आमच्या समितीतल्याच गृहस्थांची! मागच्या काचेवर आमच्या नव्या सेवेचं स्टिकर होतं, तेही मीच दिलेलं.

हसू आलं, पण बोलणार कुठल्या तोंडाने? आईबाबांचं तिकीट मीही तिथलंच काढलं होतं. शोधताना आमच्या विमानतळाचं नावच टाईप केलं नव्हतं. सवयीने मोठ्याचं टाकलं, भाडं दिसलं, पैसे भरले.

पुढच्या बैठकीत मी एक कागद ठेवला. डाव्या बाजूला मोठ्या विमानतळाचं तिकीट, पेट्रोल, पाच दिवसांचं पार्किंग, पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्रीचं हॉटेल. उजव्या बाजूला आमचं तिकीट. कधी आमचं महाग पडतं, तेही लपवलं नाही. उरलेल्या पैशांत तो कागद छापून दवाखान्यांत, कॉलेजात आणि कारखान्याच्या प्रवासाची तिकिटं काढणाऱ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. त्या बाई महिन्याला किती तिकिटं काढतात हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी कागद वाचून एकच प्रश्न केला, "संध्याकाळचं परतीचं विमान रद्द झालं तर माझा माणूस घरी कसा येणार?"

याचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं. उरलेल्या प्रसिद्धीतून त्या रात्रीच्या टॅक्सीचे पैसे देता येतील का, हे सध्या वकिलांना विचारलंय. आईबाबांचं परतीचं तिकीट मात्र बदललं. निघताना बाबा त्या छोट्या विमानाकडे बघून म्हणाले, "एवढंसंच?"