पोरांना रडवणारी पुस्तकं कशाला देता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर या विषयावर बोलणं मी सोडून दिलं होतं. गावात मी पोरांसाठी वाचनालय चालवते. गावातले लोक विचारतात, "मॅडम, पोट्ट्यायले असली रडवणारी बुकं कायले देता? इथं रडू काय कमी हाये?" शहरातून पुस्तकांचे खोके पाठवणारे स्नेही तेच फोनवर शुद्ध मराठीत विचारतात, "काहीतरी सकारात्मक द्या ना त्यांना." दोघांनाही मी थातूरमातूर काही सांगून वेळ मारून नेते. खरं उत्तर रात्री पोळ्या लाटताना सुचतं आणि तेव्हा समोर कोणी नसतं.

आधी खोक्यांचं. त्यांत काय येतं? स्पर्धा परीक्षांची जुनी गाइडं, मोठ्या उद्योजकांची चरित्रं, आणि मुखपृष्ठावर उगवता सूर्य असलेली जिद्दीची पुस्तकं. पोरं नेतात आणि तशीच करकरीत परत आणतात. पंधरा वर्षांच्या पोराला उद्योजकाचं काय करायचंय? वर्गातल्या एका मुलीनं आज मान का फिरवली, हे त्याला कळून घ्यायचं असतं. म्हणून मी मिलिंद बोकिलांची 'शाळा' देते. २००४ साली आलेली कादंबरी, आणीबाणीच्या काळातला नववीतला मुलगा. आमच्या पोरांना त्यातली आणीबाणी कळत नाही, बाकी सगळं न सांगता कळतं. आमच्या कपाटातली सर्वांत जास्त चिकटपट्ट्या लागलेली प्रत तिचीच. तिच्यावरही तक्रार आलीच, की मॅडम लाइन मारायला शिकवतात. पोरं त्यासाठी माझ्या वाचनालयाची वाट बघत बसली होती जणू! प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला पोरगा लंपन मात्र कोणाला खटकत नाही. भाषा कानडी वळणाची, सुरुवातीला पोरं कुरकुरतात, पण एकदा लंपन आवडला की मग 'वनवास' झाल्यावर पुढचं मागायला स्वतःहून येतात.

दुसरा आक्षेप चित्रांचा. "ग्राफिक कादंबरी म्हणजे कॉमिकच ना? हे तर चौथीतल्या पोरांचं." एका शिक्षकांनी हे म्हटलं तेव्हा मी 'भीमायन'ची हिंदी प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची. वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीम, अन् वाटेत रात्रभर प्यायला पाणी नाही. या पुस्तकात चौकटी नाहीत. साध्या, मवाळ माणसाच्या बोलण्याचा फुगा पाखरासारखा आहे आणि ज्याचं बोलणं डसतं त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. वाचताना अडखळणारा आमचा एक पोरगा त्यावर बोट ठेवून दुसऱ्याला सांगत होता, "हे पाय, याच्या बोलण्याले नांगी हाये." चौथीतल्या पोरांचं असेल, तर चौथीतली पोरं फार पुढे गेलीत म्हणायची. शिक्षक हसले. पुस्तक नेलं नाही, ते सोडा.

पण तुमचा प्रश्न मुळात 'पाडस'बद्दल असतो, हे मला माहीत आहे. गावात ती गोष्ट फिरली आहे, बरीचशी वाकडी होऊन.

'पाडस' म्हणजे मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ सालच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. मूळ पुस्तकाला १९३९ चं पुलित्झर पारितोषिक मिळालेलं. फ्लोरिडाच्या रानातलं एक गरीब शेतकरी कुटुंब. बापाला साप चावतो. विष ओढून घ्यायला तो एक हरिणी मारतो आणि तिचं काळीज जखमेवर लावतो. मागं राहिलेलं पाडस पोरगा घरी आणून जिवापाड वाढवतो. पाडस मोठं होतं आणि नुकता उगवलेला मका खातं. पोरगा राबून कुंपण उंच करतो, ते उडी मारून आत येतं. अंथरुणाला खिळलेला बाप शेवटी सांगतो, मारून टाक. पोराच्यानं होत नाही. आई गोळी घालते, नेम चुकतो, नुसतं जखमी होतं. मग शेवट पोरालाच करावा लागतो.

हे मी नववीतल्या एका मुलाला दिलं. त्यांचं वावर जंगलाला लागून. हरभरा उभा होता, बाप दिवसभर दुसऱ्याच्या कामावर, म्हणून रात्रीची जागल पोराकडे. धुऱ्याभोवती तार, तारेला सौर झटका मशीन, म्हणजे जनावर तारेला लागलं की झटका देणारं, मचाणीवर एक टॉर्च आणि फाटकी गोधडी. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर म्हणजे काय हे ज्याला रात्री थंडीत ओरडून ओरडून कळलं आहे, त्याला फ्लोरिडाचा मका समजावून सांगावा लागणार नाही, असं माझं गणित.

एका सकाळी बाप आला. चपला बाहेर काढून, पुस्तक दुपट्ट्यात गुंडाळून. मला वाटलं, आपटेल. त्यानं ते टेबलावर हळूच ठेवलं, कोपरा दुमडला होता तो अंगठ्यानं सरळ केला. मग म्हणाला, "ताई, अर्धा हरभरा रोह्यायनं साफ केला. पाटे मी गेलो तं मशीन बंद, अन् पोट्टं हे बुक छातीवर घेऊन झोपलं."

मी विचारलं, त्यानंच बंद केलं का?

"मंग कोणं केलं? हे बुक आल्यापासून बोलणंच बंद त्याचं. रोह्याचं पिल्लू दिसलं म्हणे दोन दिवसांआधी." थोडा थांबला. "म्या वाचलं हे. सारं नाही, मांगची पानं. सातवी झाली माही." मग पुस्तकाकडे बघतच म्हणाला, "यातल्या बापाले काय खुशी होते का मारायले लावायची? हे पोट्ट्याले कसं समजन? मले समजलं. पण मले वाचाले तं नव्हतं देलं तुमी."

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बॅटरी उतरली असेल, पुस्तकाचा काय संबंध, असंच काहीतरी. भरपाईचा अर्ज लिहून दिला, पुढे त्याचं काय झालं ते वेगळं रडगाणं आहे.

पोरगा बऱ्याच दिवसांनी आला. मी विचारलं. "आभाळ होतं ना मॅडम, बॅटरी उतरली होती," म्हणाला आणि कपाटाकडे बघत राहिला. मी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मग दुसरं पुस्तक मागितलं. 'पाडस' चाळताना मला कुंपणाच्या पानावर, समासात, पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: "रोही पण असंच."

आता यातून काय घ्यायचं ते तुम्ही घ्या, मला अजून नीट घेता आलेलं नाही. बापाला मी बॅटरीची बाजू सांगितली. पुढे एका शिक्षक मेळाव्यात बोलायला उभी राहिले तेव्हा मात्र हाच किस्सा मी उलटा सांगितला: एका पुस्तकानं एका पोराचा हात मशीनच्या बटणापर्यंत नेला, ही वाचनाची ताकद! टाळ्याही पडल्या. म्हणजे दोषाची वेळ आली की आभाळ, आणि कौतुकाची वेळ आली की पुस्तक. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? पुस्तकाला निर्दोष ठरवायचं तर त्याची ताकदही नाकारावी लागते, आणि ते माझ्या जिवावर येतं. पोरगा खरं बोलला असेल. किंवा मला आणि बापाला, दोघांनाही त्रास नको म्हणून बोलला असेल. या पोरांना तेवढं येतं.

त्याच मेळाव्यात मी म्हटलं होतं की दुःखाची पुस्तकं मुलांना बळ देतात. त्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, माझं आता जमत नाही. बळबिळ आलेलं मी पाहिलेलं नाही. पोरं वाचून चिडचिडी होतात, जेवताना बोलत नाहीत, मग चार दिवसांनी क्रिकेट खेळायला लागतात. ती विचारेल, मग देतेस कशाला? एवढंच सांगू शकते की मागायला पोरं त्याच पुस्तकांपाशी येतात. हसरी पुस्तकं आहेत की माझ्याकडे. फास्टर फेणे आहे, गोट्या आहे, चिंगी आहे. मागेल त्याला देते, आणि ती कमी दर्जाची आहेत असं कोण म्हणेल? पण आठवी-नववीतलं पोरगं ते परत करताना "अजून काही हाये का?" असं विचारतं, तेव्हा त्याचा अर्थ आणखी हसरं असा नसतो. घरात कर्जाचं बोलणं सुरू झालं की त्याला बाहेर काढून दार लोटतात. आत काय चाललंय ते त्याला ऐकू येतच असतं. मग पुस्तकानंही दार लोटून घ्यावं का?

हे वाक्य लिहिताना बरं वाटलं, म्हणूनच त्याचा भरवसा वाटत नाही. कारण तो बाप दाराबाहेरचा नव्हता आणि आतलाही नव्हता. तो पुस्तकातच होता, आणि मी ते पुस्तक देताना त्याचा विचारच केला नव्हता. आता 'पाडस' मागायला कोणी आलं की मी विचारते, वावर कुठं आहे, जागलीला कोण जातं. हा प्रश्न मूर्खपणाचा आहे, कारण आमच्याकडे अर्ध्या गावाचं वावर जंगलाला लागून आहे. आणि उत्तर काहीही आलं तरी पुस्तक मी देतेच. फक्त आता सांगते, घरी नेलं की बाबालाही दे. एकदोघांनी दिलं. बाकीचे हसतात.

तेव्हा पुढच्या खोक्यात काही पाठवणार असाल तर 'पाडस'ची एक प्रत घाला. आमची शिवणीतून सुटली आहे, मधली पानं हातात येतात. उगवत्या सूर्याची पुस्तकं यंदा नकोत, त्यांना ठेवायला कपाट उरलेलं नाही.