विजेचा तळ ६२ वॅटवरून ३३ वॅटवर: दाराशी काटा बसवल्यानंतरच्या नोंदी

मागच्या नोंदीत मी जिन्याखालच्या मीटरपेटीपाशी स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुका असं छापलेलं आहे, म्हणजे लाल दिव्याची एक लुकलुक ११२५ ज्यूलची. दोन लुकलुकांमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ला त्याने भागायचं, की वॅट मिळाले. घरातले दिवे-पंखे बंद, फ्रिजचंही बटण तेवढ्यापुरतं बंद, आणि तरी दर १८ सेकंदांना दिवा लुकलुकत होता. म्हणजे ६२ वॅट. कुणी काही वापरत नसताना जाणारी ही वीज, हिला मी तळ म्हणतो. असाच राहिला तर महिन्याला ४५ युनिट.

त्यानंतर मेन वायरवर सीटी (वायरभोवती बसणारा, करंट मोजणारा सेन्सर) बसवला, ३० अँपिअरला १ व्होल्ट देणारा, आणि एडीएस१११५ या व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या चिपवरून ईएसपी८२६६ या छोट्या वाय-फाय बोर्डाला जोडला. आकडा आला ११० वॅट. दोन दिवस मी कोड तपासत बसलो, कॅलिब्रेशन (आकड्यांची जुळवणी) पुन्हा केलं, इस्त्री लावून पाहिली. इस्त्रीचा आकडा अगदी बरोबर यायचा, चुकायचा तो फक्त तळ. तेव्हा कारण लक्षात आलं. सीटी फक्त करंट मोजतो. ०.४८ अँपिअर गुणिले मी गृहीत धरलेले २३० व्होल्ट, हे झाले ११० व्होल्ट-अँपिअर. पण अडॅप्टर आणि एसएमपीएस (उपकरणांच्या आतले वीजपुरवठे) करंट सरळ साइन लाटेत घेत नाहीत. लाटेच्या माथ्यावर तो झटक्याने ओढतात, आणि त्यांच्या तोंडाशी असलेले फिल्टर कपॅसिटर व्होल्टेजच्या पुढे धावणारा करंट घेतात. त्यातला बराचसा भाग नुसता ये-जा करतो, वीज म्हणून खर्च होत नाही. खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर म्हणजे पॉवर फॅक्टर: इस्त्रीचा १, माझ्या तळाचा ०.५६. मीटर खरे वॅट मोजतो आणि घरगुती बिलातले युनिटही त्याचेच असतात. स्टँडबाय (बंद दिसणाऱ्या उपकरणांचा खर्च) शोधायचा असेल तर नुसत्या सीटीवर विसंबू नका, व्होल्टेजही त्याच क्षणी मोजलं गेलं पाहिजे.

म्हणून व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजणारे पीझेम-००४टी हे बोर्ड घेतले, दोन. ०.४ वॅटपासून मोजतो, पॉवर फॅक्टर स्वतः देतो. एक डीबीमध्ये (घरातल्या स्विचपेटीत) मेन एमसीबीच्या (मुख्य सर्किट ब्रेकरच्या) पुढे, तो लायसन्स असलेल्या वायरमनकडून बसवून घेतला. या बोर्डाच्या एका बाजूला थेट २३० व्होल्ट असतात, तिथे धाडस नको. दुसरा बंद डब्यात घालून एक्स्टेंशन बोर्ड केला आणि घरभर फिरवला.

सेटटॉप बॉक्स: रिमोटने बंद असताना ११ वॅट, चालू असताना १३. जुना होम थिएटर ९. संगणक, मॉनिटर आणि स्पीकर मिळून ६. मायक्रोवेव्हचं घड्याळ २. राउटर आणि फायबरचा डबा १२. इन्व्हर्टर, बॅटरी भरलेली असताना, १९. पाण्याचा फिल्टर १. टीव्ही अर्धा वॅट. मोबाइलचा रिकामा चार्जर पीझेमला दिसलाही नाही, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त बोलणी त्यालाच बसायची! १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने स्टँडबायसाठी एक वॅटचं उद्दिष्ट मांडलं, पुढे युरोपने तसे नियम केले. नवा टीव्ही आणि जुना होम थिएटर शेजारीशेजारी ठेवून मोजले की तो बदल समोर दिसतो.

मोबाइलवर आलेख केला होता, पण तो मी सोडून कुणी उघडत नव्हतं. म्हणून ० ते ३ व्होल्टचा काट्याचा छोटा मीटर आणला आणि पीडब्ल्यूएमवर (व्होल्टेज झटपट चालू-बंद करून त्याची सरासरी बदलायची) चालवून दाराशेजारी लावला. सरळ मोजपट्टीवर गीझरच्या २००० वॅटपुढे ३० वॅटांचा काटा हलतच नाही, म्हणून मोजपट्टी लॉगॅरिदमिक केली, म्हणजे सारख्या अंतराला आकडा सारख्या पटीने वाढतो. कागदावर १०, ३०, १००, ३००, १०००, ३००० असे आकडे जवळपास सारख्या अंतरावर आले. तिसाच्या जरा पुढे हिरवी रेघ ओढली.

चौथ्या दिवशी बाहेर पडताना आईने चप्पल घालता घालता विचारलं, "अरे, सगळं बंद आहे ना? मग काटा रेघेच्या पुढे कसा?" आत संगणकाचा बोर्ड चालू होता. मला जो क्षण हवा होता तो हाच. आता टीव्हीच्या कपाटाचं एकच बटण आहे, बॉक्स आणि होम थिएटर दोन्ही त्यावर. बॉक्स पुन्हा सुरू व्हायला दोन मिनिटं घेतो, त्यामुळे बाबा बातम्यांच्या आधीच बटण दाबून ठेवतात. संगणक आणि मायक्रोवेव्हसकट या वस्तू दिवसाचे १८ तास बंद राहतात असं धरलं, तर महिन्याला साधारण १५ युनिट वाचतात.

काल पुन्हा फ्रिज थांबवून खाली जाऊन स्टॉपवॉच लावलं. ३४ सेकंद, म्हणजे ३३ वॅट. वरचा पीझेम ३३.४ म्हणतो. यादीची बेरीज मात्र सुरुवातीच्या ६२पेक्षा दीडेक वॅट कमी येते. एसीचा बोर्ड आणि दारावरची बेल अजून मोजायची आहे.

राहिला इन्व्हर्टर. वीज जाते म्हणून तो बंद करता येत नाही, पण बॅटरी भरल्यावरही सलग १९ वॅट मला जास्त वाटतात. दुसरा पीझेम आठवडाभर त्याच्यावर लावतोय, बॅटरीचं पाणीही तपासणार आहे. तुमच्यापैकी कुणी १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) ट्यूब्युलर बॅटरीवर हे मोजलं असेल, तर आकडा आणि बॅटरी किती जुनी आहे ते कळवा.