एक ओमेर रवा

गेल्या आठवड्यात रव्याचा डबा उघडला तर आत जाळी धरलेली. चमच्याने ती बाजूला केली, तेव्हा खाली दोन बारीक अळ्या वळवळताना दिसल्या. दुसऱ्या एखाद्या घरी तोच रवा ऊन दाखवून, चाळून, भाजून वापरलाही असता. पण आमच्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, स्वयंपाकघरात अळीकिडा पोटात जाणे धर्मानेच निषिद्ध असल्यामुळे तीन किलो रवा मुकाट्याने कचऱ्यात गेला. घरात माणसे दोन, आणि रवा तीन किलो! 2020 च्या टाळेबंदीत जडलेली ही साठवणीची खोड अजून सुटलेली नाही. डबा रिकामा करता करता मला तोरेतला, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातला, मान्ना आठवला आणि स्वतःचेच हसू आले.

श्रद्धेची कसोटी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मोरियाचा डोंगर उभा राहतो: देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला निघालेला अब्राहाम, लाकडांवर बांधून ठेवलेला तो मुलगा इसहाक, हातात घेतलेला सुरा. ती कसोटी भव्य आहे आणि, खरे सांगायचे तर, आपल्याला सोयीचीही आहे, कारण ती आपल्या वाट्याला येण्याचा संभव नाही. तोरेच्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातल्या कसोटीपासून मात्र सुटका नाही. रानात भुकेने कुरकुरणाऱ्या लोकांसाठी आकाशातून अन्न पाडीन असे देव मोशेला सांगतो आणि त्याच दमात, हे लोक माझ्या नियमाने चालतात की नाही ते मी पाहणार आहे, असेही बजावतो. तोच हा मान्ना: पांढरा, धण्यासारखा दाणा. चव मध घातलेल्या पोळीची. माणशी एक ओमेर, म्हणजे आपले दोन-अडीच लिटरांचे माप. ज्याने जास्त गोळा केला त्याचा उरला नाही, ज्याने कमी केला त्याला पुरून गेला. दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका असे सांगूनही काहींनी ठेवलाच, आणि सकाळी त्यात किडे पडून दुर्गंधी सुटली. माझ्या डब्याला निदान दुर्गंधी नव्हती.

या गोष्टीतली खरी गोम शुक्रवारी आहे. त्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, भाजायचे-शिजवायचे ते आटोपून घ्यायचे आणि उरलेला शब्बाथसाठी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, ठेवायचा; त्या दिवशी काम आणि विस्तव वर्ज्य. तो मात्र नासत नाही. म्हणजे बुधवारी साठवणे हा जितका अविश्वास, तितकाच शुक्रवारी न साठवणे हाही अविश्वासच. हात कधी आखडायचा आणि कधी मोकळा सोडायचा, एवढेच काय ते पारखले जात होते, आणि ते दर दिवशी. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावल्यावर, मनुकांच्या सरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाथची प्रार्थना, म्हणून झाल्यावर, आमच्या टेबलावर कापडाखाली झाकलेल्या दोन चपात्या असतात. दोन, कारण मान्नाही त्या दिवशी दुप्पट मिळे. झाकलेल्या, कारण तो दवाच्या थरांमध्ये पडलेला असे.

टोपलीत भाकरी असताना जो ‘उद्या काय खाऊ’ म्हणतो तो अल्पविश्वासी, असे थोरले रब्बी (धर्मगुरू) एलिएझर म्हणून गेले आहेत. महिन्याचा किराणा भरून, वर मुदतठेवीच्या पावत्या कपाटात ठेवूनही रात्री दोन वाजता जागा होणारा मी त्या वाक्यात नेमका सापडतो. थोडा दिलासा शम्माई या जुन्या धर्मपंडिताकडून मिळतो. आठवड्यात कुठेही चांगले जनावर दिसले की तो ते शब्बाथसाठी राखून ठेवी, त्याहून चांगले मिळाले की आधीचे खाऊन टाकी. त्याच्याच काळातल्या हिल्लेल या पंडिताची रीत निराळी. तो ज्या त्या दिवसाचे देवावर सोपवून मोकळा होई. दोघेही थोर, पण किराण्याच्या दुकानात मी शम्माईच्याच मागे उभा असतो.

आमचे कोकणातले पूर्वज या परीक्षेत आमच्यापेक्षा बरे असावेत. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. सोमवारी बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. शब्बाथाची आज्ञा जनावरालाही लागू असल्याने घाण्याच्या बैलालाही त्या दिवशी जू नसे. हातावर पोट असलेल्या माणसाने सातातला एक दिवस सोडून देणे म्हणजे काय, हे पगारी माणसाला नीट कळणार नाही. पुढे घाणे सुटले, लोक मुंबईला आले, कचेऱ्यांत लागले, आणि ज्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला ठरलेला होता त्यांच्यातल्याच कित्येकांचा शनिवार हातचा गेला.

माझे वडील त्यांतलेच. शनिवारी अर्धा दिवस कचेरी असे आणि ते जात. त्यावर घरात कोणी बोलत नसे. आई मात्र त्यांचा शनिवारचा डबा शुक्रवारी सूर्यास्ताच्या आतच भरून ठेवी: चार चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, मिठाची पुडी. कचेरीत शिपायाची शेगडी पेटलेली असे आणि सगळ्यांचे डबे तिच्यावर गरम होत. वडील आपला डबा शनिवारी तिकडे देत नसत. खिडकीपाशी बसून ते गारच जेवत.